उभ्या गाडीचा मालक कोण?

‘मोटारीतून घराला वीज! इतिहासात प्रथमच!’ अशा मथळ्यांच्या चित्रफिती हल्ली रोज समोर येतात. विजेच्या मोटारीची बॅटरी घराला, आणि पुढे वीजजाळ्यालाही, वीज परत देऊ शकते हे खरेच आहे. खोटा आहे तो ‘प्रथमच’ हा शब्द. मित्रहो, हा खोटेपणा निरुपद्रवी नाही, हे सांगण्यासाठी हा धागा.

१९०८ साली फोर्डची मॉडेल टी बाजारात आली. अमेरिकेच्या खेड्यांत तोवर मोटारीविषयी रोषच अधिक होता. घोडे बुजत, कोंबड्या चिरडल्या जात, रस्ते धुळीने भरत. पुढे त्याच शेतकऱ्यांनी ती विकत घेतली, पण केवळ बसून बाजाराला जाण्यासाठी नव्हे. मागचा आस जॅकवर उचलायचा, चाकावर पट्टा चढवायचा आणि त्या पट्ट्यावर लाकूड कापण्याची करवत, पाण्याचा पंप, मक्याचे दाणे काढण्याचे यंत्र, इतकेच काय, कपडे धुण्याचे यंत्रही चालवायचे! लागणारी जोडसामग्री इतर छोटे उत्पादक विकू लागले. १९३५ मध्ये तेथे ग्रामीण विद्युतीकरणासाठी सरकारी यंत्रणा स्थापन झाली, तेव्हा दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. अंगणात उभी असलेली मोटार हेच अनेक घरांचे शक्तिकेंद्र होते. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ च्या आपल्या लेखात हेच दाखवले: यंत्राचा अर्थ कारखान्यात कायमचा ठरत नाही, वापरणाराही तो ठरवतो.

‘पण ती पेट्रोलवर चालत होती’ हा आक्षेप येणार. येऊ द्या. मुद्दा इंधनाचा नाही, उभ्या गाडीतील शक्तीवर हुकूम कोणाचा चालतो याचा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी शहरांत विजेच्या मोटारीही होत्या, आणि वीज कंपन्यांना त्या प्रिय होत्या. कारण उघड आहे. रात्री मागणी घटली की जनित्रे रिकामी राहत; ती पोकळी भरून काढणारे हे गिऱ्हाईक. कंपनीच्या हिशेबात मोटार म्हणजे वीज पिणारी वस्तू, देणारी नव्हे. शेतकऱ्याने मात्र आपल्या गाडीकडून काम करून घेण्यासाठी कोणाची परवानगी मागितली नव्हती.

मोटार वीजजाळ्याला शक्ती पुरवू शकते, हा विचार विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंद्र्‌ यांनी १९९७ मध्ये शोधनिबंधातून मांडला. त्याचे मूळ साध्या निरीक्षणात आहे: खासगी गाडी दिवसाचे बहुतेक तास उभीच असते. त्याची निकड जगाला दिसली ती जपानमध्ये. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर पेट्रोलचा तुटवडा पडला, तेव्हा विजेच्या मोटारी आपद्‌ग्रस्त भागात पाठवल्या गेल्या. २०१२ मध्ये निसानने आपल्या लीफ मोटारीतून घराला वीज देणारी यंत्रणा तेथे विक्रीस आणली. ज्या ‘चाडेमो’ जोडणीवर ती चालते, त्या नावात ‘चहा घेणार का?’ या जपानी विचारणेवर कोटी आहे. (अभियंत्यांना विनोदबुद्धी नसते असे कोणी म्हटले?)

त्या लीफची बॅटरी २४ युनिटची होती. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या आपल्याकडच्या घराला, रूपांतरातील घट वजा जाता, ती सुमारे सहा दिवस पुरेल. ही क्षुल्लक शिदोरी नव्हे. म्हणूनच तिच्या चावीचा प्रश्न महत्त्वाचा.

आपल्या गावगाड्यात याचे उत्तर होते. बैल केवळ गाडी ओढीत नव्हता. तोच मोट ओढी, गुऱ्हाळात चरक फिरवी, खळ्यावर मळणी करी. आणि ‘इर्जिक’ होती: शेजारी आपापली बैलजोडी घेऊन एकाच्या शेतावर येत, नांगरट उरकत आणि त्याच्याकडे जेवून जात. जोडी कोणती द्यायची, आपला बैल थकला आहे की नाही, हे मालक ठरवी. त्या गावगाड्यात जातीची उतरंड होती, बैलजोडी प्रत्येकाकडे नव्हती. मी त्याचे गोडवे गात नाही. पण देवघेवीची एवढी अट त्यात स्पष्ट होती.

आज कंपन्या ज्याला ‘सेवा’ म्हणतात त्यात ही अट आहे का? बॅटरी झिजते, हे तेही मान्य करतात. मग त्या झिजेचा मोबदला कोण देणार? वायरमनचा जीव जाऊ नये म्हणून घर बॅटरीवर घेताना जाळ्यापासून तोडावेच लागते, हा नियम न्याय्य आहे. तथापि सुरक्षेच्या नावाखाली मालकाला स्वतःच्याच बॅटरीपासून दूर ठेवणे न्याय्य नाही. ‘प्रथमच’ म्हटले की पूर्वीचे वापरकर्ते पुसले जातात आणि सारे नियम घडवण्याचा मान आपोआप विक्रेत्याकडे जातो. माझा राग आहे तो यावर.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी अशी चित्रफीत पाठवली, तर तिच्याखाली तीनच प्रश्न लिहा. सकाळी बॅटरीत किमान किती वीज शिल्लक राहील, हे कोण ठरवणार? संध्याकाळी सर्वाधिक मागणीच्या वेळी दिलेल्या युनिटला कोणता भाव मिळणार? आणि वीज परत दिली म्हणून बॅटरीची हमी रद्द होणार का?