सार्वजनिक मागावरचा पहिला धागा

खासबाग, वडगाव, शहापूर ही बेळगावातील विणकरांची वस्ती. मागाच्या घरात वाढलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी कोणी साडीचा पदर विणावयास बसवीत नाही. तो आधी कांड्या भरतो, तुटलेला धागा जोडतो, विणीतला दोष ओळखावयास शिकतो आणि मगच मागावर हात ठेवतो. आज अशा घरांतील मुले संगणकशास्त्राकडे वळत आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय तर बेळगावातच आहे. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या कामाला आरंभ कसा करावा, असे या मुलांनी विचारले तर त्याचे उत्तर त्यांच्या घरातच आहे, असे आम्ही म्हणू.

मुक्त स्रोत म्हणजे ज्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि वाटता येतो असे सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ज्या चळवळीची घोषणा केली, तिची फळे आज जग चाखत आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या ‘मीडियाविकी’वर चालतो, ते असेच एक वेब ॲप्लिकेशन. आपण त्याचा वापर रोज करतो. परंतु त्याच्या घडणीत आपला हात किती, हा प्रश्न स्वतःला विचारण्याचे मात्र टाळतो.

या कामाला असामान्य बुद्धिमत्ता लागते, हा समज प्रथम दूर झाला पाहिजे. लाखो ओळींचा तो डोलारा समग्र समजून घेऊन मग हात घालू, असे म्हणणाऱ्याचा आरंभ कधीच होत नाही. आधी ते ॲप्लिकेशन मन लावून वापरावे. योगदानाचे नियम व परवाना वाचावा. त्याची एक प्रत आपल्या संगणकावर चालती करावी. त्या खटपटीत सूचनापत्रातील एखादी पायरी चुकीची आढळली, तर तिची दुरुस्ती हेच पहिले योगदान ठरते. मीडियाविकीची प्रलंबित कामे ‘फॅब्रिकेटर’ या नोंदवहीत असतात आणि नवख्यांसाठी सोपी कामे तेथे वेगळी दाखविलेली असतात. त्यांतील एक घ्यावे, दोष कसा उद्भवतो ते लिहावे, तेवढाच दुरुस्त करावा, चाचण्या चालवाव्यात आणि बदल ‘गेरिट’वर तपासणीस पाठवावा. जाणकार त्यात उणिवा काढतील. तो अपमान नव्हे. ते शिक्षण आहे, आणि तेही विनामूल्य.

आमच्या मते मराठी तरुणाजवळ येथे एक असे भांडवल आहे, जे निष्णात परदेशी प्रोग्रामरजवळही नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. ‘ळ’चा सांकेतिक क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढचा, आपल्या वर्णमालेत मात्र ते ‘ह’नंतर येते. म्हणून निव्वळ क्रमांकांवर विसंबलेल्या यादीत ‘काळ’ हा शब्द ‘कावळा’ आणि ‘कासव’ यांच्या आधी येऊन बसतो. ‘आला’ की ‘आली’, हा प्रश्न इंग्रजी वाक्य लिहिणाऱ्याला पडतच नाही. हे दोष ज्याच्या कानाला आणि डोळ्याला खुपतात, त्यानेच ते नोंदविले पाहिजेत. ज्याला प्रोग्रामिंग येत नाही, त्याच्यासाठीही ‘ट्रान्सलेटविकी’वर मीडियाविकीतील सूचना मराठीत आणण्याचे काम आहे. तेथे सहज मराठी लिहिता येणे हीच पात्रता.

मात्र प्रमाणपत्राच्या हव्यासाने या वाटेला जाऊ नये. २०२० च्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ उपक्रमात टी-शर्टच्या मोहापायी निरर्थक बदलांचा असा पूर लोटला की, संमती देतील त्याच प्रकल्पांना त्यात धरण्याचा नियम आयोजकांना महिन्याच्या आरंभीच करावा लागला. यंत्राकडून लिहवून घेतलेला आणि स्वतः न वाचलेला बदल पाठविणे हाही त्याच जातीचा प्रकार आहे. या प्रकल्पांची देखभाल करणारे बहुधा फावल्या वेळात राबणारे लोक असतात. त्यांचा वेळ ही सार्वजनिक मालमत्ता आहे.

महाविद्यालयांनीही यात लक्ष घातले पाहिजे. बेळगाव असो वा आमच्या गोव्यातील फर्मागुढी, शेवटच्या वर्षाचे प्रकल्प परीक्षेनंतर कपाटात धूळ खातात. त्याऐवजी एका विद्यार्थ्याने वापरातील ॲप्लिकेशनमधील एक खरा दोष दूर केला, तर त्याला गुण का मिळू नयेत?

सीमाप्रश्नाचा २००४ मध्ये दाखल झालेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. कचेरीतील फलकावर आणि अर्जावर मराठी असावी, ही सीमाभागातील मराठी माणसाची मागणी न्याय्यच आहे, आणि तिचा लढा त्या त्या ठिकाणी चालेल. परंतु संगणकाच्या पडद्यावरची मराठी नीट करण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. तेथे कोणी अडविलेले नसतानाही आपण उंबरठ्याबाहेर उभे राहिलो, तर दोष कोणाला देणार? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो दर्जा पडद्यावर दिसावयाचा, तर तुटलेले धागे जोडणारे हात हवेत. खासबागेतील मुलांना ते काम नवे नाही. त्यांनी या आठवड्यात एकच धागा उचलावा आणि त्याची गाठ नीट मारावी.