ठासणीच्या बंदुकीचं कॅलिबर कोणी ठरवलं?

आपल्याकडे बंदुकीवर तावातावानं बोलणारी माणसं दोनच प्रकारची. पहिला म्हणतो, इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केलं, तेव्हा आता प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल हवं. दुसरा म्हणतो, बंदूक म्हणजे गुंडगिरी, इंग्लंडात बघा किती कडक कायदे आहेत, तसेच इथे करा आणि सगळे परवाने रद्द करून टाका. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे दोन्ही प्रकार नांदतात आणि दोन्हीही मला प्रिय आहेत. पण यातलं कोणीही आश्विनातल्या रात्री भाताच्या खाचराच्या बांधावर जागत बसलेलं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. थोडा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी जागा सांगतो. शिळफाटा म्हणजे आमचा, खोपोलीचा. कल्याणच्या वाटेवरचा नव्हे. फाट्यावर उभं राहिलात तर ट्रक, एसटी आणि फार्महाउसच्या पाट्या दिसतील. पण तिथून आतल्या वाड्यांकडे वळलात की भात, नाचणी, वरी, आणि अंधार पडला की रानडुकरं. ज्याची दहा-वीस गुंठे खाचरं आहेत त्याच्या घरचा वर्षाचा तांदूळ एका रात्रीत जातो. डुक्कर खातं थोडं, लोळून-तुडवून नासतं जास्त. ठाकरवाड्या आणि कातकरीवाड्यांतल्या माणसांना हे सांगायची गरज नाही, मी ते मुंबई-पुण्यातल्या वाचकांसाठी लिहितोय.

आता या माणसाला आपला कायदा काय देतो? १९५९ चा शस्त्र कायदा (अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून) उघडा आणि कलम १३ वाचा. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली तर किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक. म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर. रायफल क्लबाच्या सभासदाला निशाणेबाजीसाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल. आणि पीक राखायला? ठासणीची बंदूक! त्यानं भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो. ‘देऊ शकतो’ हे शब्द नीट वाचा. द्यायलाच हवी असं नाही, साहेबाच्या मनात आलं तर.

ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे किंवा गोळी, गजानं ठासायचं, मागं केप बसवायची आणि मग घोडा ओढायचा. एक बार झाला की हे सगळं पहिल्यापासून. तेही अंधारात, चिखलात, दारू दमट झालेली असताना. समोर जखमी डुक्कर अंगावर येत असेल तर देवाचं नाव घ्यायचं. ज्या देशाचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला रायफल घेऊन ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवतो, त्याच देशात शेतकऱ्याला अजून मागच्या शतकाच्याही मागचं यंत्र हातात दिलं जातं. खेळाडूला कायदा सोय करून देतो याचा मला आनंदच आहे. पण कोल्हापूरजवळच्या खेड्यातल्या पोरावर विश्वास टाकता येतो, तर खालापूरच्या खेड्यातल्या बापावर का नाही?

याचं उत्तर जुनं आहे. १८५७ चा धसका घेतलेल्या सरकारनं आधी हत्यारं काढून घेतली आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात कायमचा शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आला. तो रिपननं चार वर्षांत मागे घेतला, बंदुकीचा मात्र राहिला. (पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, आपल्या पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके उठले, हे लिटनसाहेबाला काय वाटलं असेल कोण जाणे.) गांधीजींनी १९३० च्या जानेवारीत आयर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत मिठावरच्या कराबरोबर हीसुद्धा होती: आत्मसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने द्या, लोकांच्या नियंत्रणाखाली द्या. मिठाचं सगळ्यांना पाठ आहे, याचं कोणाला ठाऊक नसतं. अहिंसेचा पुजारी हे मागतो, कारण प्रश्न हिंसेचा नव्हता, विश्वासाचा होता.

आता कॅलिबर. हा शब्द आला की आमचे पहिल्या प्रकारचे काका खुलतात, जितका मोठा आकडा तितका मोठा मर्द. वास्तविक .३०३ म्हणजे इंचाचे हजारात तीनशे तीन भाग, साधारण पावणेआठ मिलिमीटर. .३१५ म्हणजे आठ मिलिमीटर. आणि बारा बोअरचा ‘बारा’ उलटा चालतो: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. तेव्हा आकड्यावरून मर्दानगी मोजू नये.

पण हे आकडे आपल्याकडे कसे ठरले ते बघण्यासारखं आहे. १९०७ च्या सुमारास सरकारनं हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरच्या रायफली आणायला बंदी घातली. कारण वाघ किंवा हत्ती नव्हता. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, त्यांना काडतुसं मिळू नयेत एवढाच हेतू. मग विलायती कारखानदारांनी शिकारी साहेबांसाठी .४६५ आणि .४७० असे नवे आकडे काढले. फौजेची .३०३ नागरिकाला नको, म्हणून इथल्या बाजारासाठी .३१५ ची रायफल आली. म्हणजे आपल्या देशात कोणत्या जनावरासाठी काय लागतं हे कधी कोणी विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच: याला फौजेचं काडतूस बसेल का?

साहेब गेला १९४७ मध्ये. प्रश्न तोच राहिला. आपल्या नियमांत ‘प्रोहिबिटेड बोअर’ ठरवण्याची कसोटी आजही मुख्यतः तीच, फौजेचं काडतूस चालतं का. म्हणून .३०३ नाही, .३१५ चालेल. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल नाही, .३२ चं रिव्हॉल्व्हर चालेल. .३१५ आणि .३०३ यांत जनावराला लागताना काय फरक पडतो? काही नाही. फरक पडतो तो फक्त शस्त्रागाराच्या कुलपाला. एक काळ ते कुलूप समजण्यासारखं होतं, पण .३०३ आता पोलिसांकडूनही निवृत्त होते आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला.

आता दुसऱ्या प्रकारच्या मंडळींकडे वळू, ज्यांना इंग्लंडचा कायदा हवा आहे. घ्या की! पण आधी वाचा. १८७० मध्ये तिथे बंदुकीचा परवाना म्हणजे पोस्टात दहा शिलिंग भरून मिळणारी पावती होती. इथे १८७८ चा कायदा, तिथे पोस्टाची पावती, आणि राणी एकच! खरा कडक कायदा तिथे १९२० मध्ये आला, महायुद्धानंतर, कामगार आणि बोल्शेविक यांच्या भीतीनं. म्हणजे जे आपल्यावर आधी करून पाहिलं ते मग स्वतःच्या प्रजेवर. आजचा मुख्य कायदा १९६८ चा. १९८७ च्या हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर अर्धस्वयंचलित रायफली गेल्या (.२२ सोडून), १९९६ मध्ये डनब्लेनच्या शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्यावर पुढच्या वर्षी पिस्तुलं गेली. ही गोष्ट मला पूर्ण मान्य आहे.

पण शेतावर काय राहिलं ते बघा. तिथे रायफल हवी तर पोलिसांना ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं. प्रत्येक रायफलीचं कॅलिबर परवान्यावर लिहिलेलं, किती काडतुसं घ्यायची आणि किती जवळ ठेवायची तेही लिहिलेलं. आणि कॅलिबर ठरतं जनावरावरून. सशाला .२२, कोल्ह्याला .२२३ च्या आसपास. हरणाला तर कायद्यानंच खालची मर्यादा घातली आहे: इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक हरणांसाठी .२४० पेक्षा कमी नको आणि नळीतून निघताना १७०० फूट-पौंडांपेक्षा कमी जोर नको. वरची नव्हे, खालची मर्यादा! कारण कमी ताकदीच्या गोळीनं जनावर मरत नाही, जखमी होऊन झुडपात तीन दिवस कुढत मरतं. शिवाय जमीन बघतात, गोळी चुकली तर मागं माती आहे की वस्ती. .२२ ची इवलीशी गोळीसुद्धा मैलाच्या पुढे जाते.

गंमत म्हणजे ‘सबळ कारण’ हे शब्द आपल्याही १९५९ च्या कायद्यात आहेत. शब्द घेतले, पण कारण तपासायची रीत घेतली नाही.

तिथलं सगळं छान आहे असं समजू नका. २०२१ च्या ऑगस्टमध्ये प्लिमथला एकानं पाच जणांना मारलं. त्याची जप्त केलेली बंदूक पोलिसांनी आदल्याच महिन्यात परत दिली होती. त्यानंतर डॉक्टरचा अहवाल घेतल्याशिवाय परवाना द्यायचा नाही असं ठरलं. म्हणजे कायद्याइतकंच महत्त्व कचेरीत बसून फाइल वाचणाऱ्या माणसाला आहे.

‘पण शेतकऱ्यांना बऱ्या बंदुका दिल्या की चोरटी शिकार वाढेल,’ हा आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. पण बघा, चोरटा शिकारी अलिबागच्या खेपा घालत बसत नाही. आणि माग काढायला सगळ्यात अवघड हत्यार कोणतं? ठासणीचीच बंदूक! तिला काडतूस नाही, म्हणजे जागेवर पुंगळी पडत नाही, काडतुसांचा हिशेब नाही. कारखान्यातल्या एकनळी बारा बोअरला नंबर असतो, काडतूस दुकानातून परवान्यावर नोंद होऊनच मिळतं, पुंगळीवर घोड्याची खूण उमटते. जंगलखात्यानं खरं म्हणजे याचसाठी भांडायला हवं.

आणि बंदूक नाही म्हणून शेतकरी हात जोडून बसतो असं थोडंच आहे? विजेच्या तारेवर आकडा टाकून बांधाभोवती उघडी तार फिरवली जाते. कणकेत गुंडाळलेले गावठी बॉम्ब ठेवले जातात. त्या तारेला डुक्कर आणि शेजाऱ्याचं पोर यांतला फरक कळत नाही. पहाटे परसाकडे निघालेला माणूस चिकटल्याची बातमी महाराष्ट्रात दर पावसाळ्यात कुठून ना कुठून येतेच. बंदुकीला विरोध करणाऱ्यांनी या मरणांची जबाबदारी अर्धी तरी घ्यावी. सौर ‘झटका मशीन’ चांगलं आहे, मी त्याच्या बाजूचाच आहे, पण ते विकत घ्यायला पैसे लागतात आणि तुकड्या-तुकड्याच्या जमिनीला कुंपण घालणं सोपं नाही.

बरं, परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारता येतं असंही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली उभ्या पिकाला धोका झाला तर मारायची परवानगी मिळू शकते, पण ती वनखात्याची, वेगळी. म्हणजे बंदूक एका कचेरीची, डुक्कर दुसऱ्या कचेरीचं. शिवाय निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा. गोव्यातल्या एका याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्येच सांगितलं आहे की सरसकट सगळ्यांची हत्यारं गोळा करू नका, समितीनं माणूस बघून ठरवावं. पण डुकरांना आचारसंहिता कुठे लागू आहे?

तर माझं म्हणणं एवढंच. मला गावोगाव रायफली नको आहेत. आमच्या भागात वाडीला लागून वाडी, मधून हमरस्ता आणि आता डोंगरावर फार्महाउसं, इथे रायफल म्हणजे वेडेपणा. पण पीक राखणाऱ्याला कायद्यानं पहिल्या फटक्यात एकनळी बारा बोअर मिळावी, ‘साहेबाची खात्री पटली तर’ नव्हे. तिचं शिक्षण सक्तीचं असावं, दारू पिऊन हातात घेतली तर कायमची जावी. बंदूक आणि पीक वाचवायची परवानगी एकाच अर्जावर मिळावी. आणि कापणी झाली की बंदूक गावाजवळच्या ठाण्यात ठेवायची सोय असावी, ज्याला हवी त्यानं ठेवावी. उलट कमरेला लावून मिरवायच्या पिस्तुलांची चौकशी दहापट कडक करा. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली, ठीक केलं. पण लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याचं ‘सबळ कारण’ काय असतं, ते मला एकदा वाचायचं आहे.

जाता जाता, ज्यांचे अर्ज अडकलेत त्यांच्यासाठी. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये लिहिलंय की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. कातकऱ्याला ‘तुझ्या नावावर आहे काय’ असं विचारून परत पाठवणाऱ्याला हे दाखवा. नाकारलं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, मागितली तर थोडक्यात द्यावी लागतात (सार्वजनिक हिताची ढाल पुढे केली नाही तर), आणि कलम १८ खाली मुदतीत अपील करता येतं. तोंडी ‘नाही’ ऐकून घरी येऊ नका. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर मला कळवा, मराठीत लिहून देईन. पिस्तुलाच्या परवान्यासाठी मात्र कळवू नका, काकांनी तर मुळीच नाही :-)