डिलीट करायच्या आधी

रात्री साडेअकराला मैत्रिणीचा फोन. ‘अगं, संध्याकाळपासून कोण कोण फोन करतंय. रेट विचारतायत!’ कुणीतरी इन्स्टाग्रामवर तिचा फोटो लावून खोटं प्रोफाइल काढलं होतं, खाली तिचा मोबाइल नंबर. आम्ही धडाधड रिपोर्ट केलं, मेसेज उडवले, नंबर ब्लॉक केले. सकाळी प्रोफाइल गायब. हुश्श!

आठवड्याभरात तेच फोटो, नवं प्रोफाइल. पोलिसांकडे गेलो तर पहिला प्रश्न, ‘आधीचं काय आहे?’ दाखवणार काय, कप्पाळ? पुरावा आम्हीच पुसून बसलेलो.

तेव्हा गर्ल्स, किळस आली तरी बोट डिलीटवर नेऊ नका. आधी स्क्रीनशॉट. त्यात युजरनेम, तारीख, वेळ दिसायला हवी. प्रोफाइलची लिंक वेगळी कॉपी करून ठेवा. मूळ मेसेज फोनमध्येच राहू द्या. मग रिपोर्ट, मग ब्लॉक. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर घरबसल्या करता येते.

आणि ‘नुसते मेसेजच तर करतोय’ म्हणणाऱ्या मित्रांसाठी: मुलीनं स्पष्ट नको म्हटल्यावरही ऑनलाइन मागे लागणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. पहिल्यांदा दोषी ठरलात तरी ३ वर्षांपर्यंत कैद.

मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आता ‘किराणा’ नावाचं फोल्डर आहे. स्क्रीनशॉट त्यात. लॅपटॉप आईही वापरते, आणि घरी तिनं अजून सांगितलेलं नाही.