हार्ट अटॅकला लॉकडाऊन नसतो!

माझे शिक्षण कॉन्व्हेंटमधले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र घरचा आहे.

मे २०२०. मी तेव्हा दहावीत जाणार होते. कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावी रात्री आजोबांच्या छातीत दुखायला लागले, दरदरून घाम फुटला. ओवा झाला, सोडा झाला, "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणून झाले. मनातली भीती कोणी बोलेना. शेवटी आजोबाच म्हणाले, "शहरात नेलं की कोरोनाच्या वार्डात टाकतील, अन् तोंडसुद्धा दिसायचं नाही तुम्हाला." सकाळी आणले, तर एका हॉस्पिटलच्या गेटवर आधी स्वॅबचा रिपोर्ट मागितला. दुसऱ्याने घेतले, तोवर बारा तास उलटले होते. आजोबा वाचले, पण हृदयाचे पंपिंग ३० टक्क्यांवर आले. शेतात काही ते परत गेले नाहीत.

हे फक्त आमच्याच घरात झाले का? कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने १८७ हॉस्पिटलांचे आकडे जमवले, तेव्हा पहिल्या लाटेत हार्ट अटॅकच्या अ‍ॅडमिशन्स २०१९ पेक्षा एक तृतीयांशाहून जास्त घटलेल्या दिसल्या. मग ती माणसे गेली कुठे? ओवा खात घरीच बसली असणार!

आपल्या शहरात (तेव्हाचे औरंगाबाद) घाटीची सुपरस्पेशालिटी इमारत कोविडला दिली गेली, चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय कोविडला, मेल्ट्रॉनमध्ये महापालिकेचे कोविड हॉस्पिटल. हे करावेच लागले, त्याबद्दल तक्रार नाही. पण हृदयाच्या पेशंटने आता कुठल्या दारातून यायचे, हे गावोगाव कोणी सांगितले?

आता थोडे इंजिनीअरिंग. जंतू आत येऊ नयेत म्हणून कॅथलॅबमध्ये हवेचा दाब सहसा बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात. पण पेशंटच कोविडचा असला, तर तीच हवा कॉरिडॉरमध्ये जाणार. म्हणजे पीपीई किट चढवा, केसनंतर लॅब पुसा, हवा बदलेपर्यंत थांबा... आणि इकडे पेशंट दारात आल्यापासून ९० मिनिटांत बलून फुगला पाहिजे, हा नियम! म्हणून आधी चीनमध्ये आणि मग आपल्याकडेही बऱ्याच डॉक्टरांनी अँजिओप्लास्टीऐवजी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यायचे ठरवले.

माझा मुद्दा इथेच आहे. या इंजेक्शनला कॅथलॅब लागत नाही. ईसीजी मशीन, मॉनिटर आणि शिकलेला डॉक्टर लागतो. मग ते शहरात येऊनच कशाला घ्यायचे? रक्तस्रावाचा धोका असतो, सगळ्यांना ते चालत नाही, हे मान्य. पण ईसीजी तज्ज्ञाला मोबाईलवर दाखवता येतो की! गोव्याने २०१८ मध्येच ही पद्धत सुरू केली होती. ईसीजी जवळच्या सरकारी दवाखान्यात, तो बघणारे तज्ज्ञ दूर, इंजेक्शन तिथल्या तिथे आणि नंतर अ‍ॅम्ब्युलन्सने बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला. पुढची साथ येईल तेव्हा किती बेड कोविडला द्यायचे, याच्या आधी ही यादी ठरली पाहिजे. कुठल्या तालुक्यात रात्री दोन वाजता हे इंजेक्शन मिळेल, आणि ते गावात कोणाकोणाला माहीत आहे?

आमच्या गावापासून तालुक्याचे ठिकाण वीस मिनिटांवर आहे. त्या रात्री तिकडे जाऊन निदान ईसीजी काढावा, हे घरात कोणालाच सुचले नाही. हॉस्पिटल म्हणजे शहर, असेच आम्ही सगळे धरून चाललो होतो.