पोहता येते, पण पाण्याखाली जाता येते का?

दिवाळी सरली की आमच्या रोहा-अष्टमीतून मालवणला जाणाऱ्यांची संख्या वाढते. गाडीने कुडाळला उतरायचे, एक दिवस सिंधुदुर्ग किल्ला, एक दिवस तारकर्ली आणि त्यातच अलीकडे ‘स्कूबा’. किल्ल्याजवळच्या खडकांपाशी होडीने नेतात, पाठीवर हवेची टाकी बांधतात, सोबत जाणकार पाणबुड्या असतो. थोडा वेळ मासे आणि प्रवाळ पाहून माणूस हरखून वर येतो. हा समुद्र 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तो उगीच नव्हे. पाहण्यासारखे आहे, जरूर पाहावे. माझे म्हणणे आहे ते पाण्यात उतरण्यापूर्वी भरून घेतल्या जाणाऱ्या आरोग्याच्या कागदाविषयी.

गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ कान दुखतो म्हणून दवाखान्यात आले. दम्याचे जुने रुग्ण, पंप कायम खिशात. कागदावर ‘दमा आहे का?’ या प्रश्नापुढे त्यांनी ‘नाही’ लिहिले होते. का, म्हणून विचारले. म्हणाले, “डॉक्टर, ‘हो’ लिहिले असते तर सोडले नसते आणि भरलेले पैसेही गेले असते. शिवाय मी लहानपणापासून कुंडलिकेत पोहतोय.”

वाचकहो, या उत्तरात दोन गोष्टी आहेत. पोहण्याची आधी घेऊ. नदीत पोहणारा वरची हवा घेतो. पाणबुड्या टाकीतली हवा घेतो आणि ती भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी दाबलेली असते. दहा मीटर खाली हा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तेथे छातीभर श्वास घेऊन तो कोंडून कोणी वर आला तर तीच हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसाला तेवढे फुगता येत नाही. पट्टीचा पोहणारा घाबरला की सवयीने नेमका श्वासच कोंडतो! फार खोल जावे लागते असेही नाही. दीड-दोन मीटरवरून श्वास कोंडून वर आल्यानेही फुप्फुस फाटल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात आहेत. फाटलेल्या जागेतून हवा रक्तात शिरली तर ती मेंदूपर्यंत जाऊन झटका किंवा अर्धांगवायू होऊ शकतो. दम्याच्या रुग्णाच्या आकसलेल्या श्वासनलिकांमागे हवा अडकून राहते, म्हणून श्वास न कोंडताही त्याला हा धोका असतो. त्यात टाकीतली हवा कोरडी आणि गार, म्हणजे दमा उठवायला तीही पुरेशी.

आता पैशांची गोष्ट, आणि माझ्या मते मूळ दुखणे हेच आहे. खरे बोलणाऱ्याचे पैसे बुडणार असतील तर खरे कोण बोलेल? तो कागद आगाऊ पैसे घेतानाच, मराठीत, घरी वाचायला मिळाला पाहिजे. ‘हो’ लिहिणाऱ्याने आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणावी आणि चिठ्ठी नकाराची असेल तर त्याचे पैसे परत मिळावेत. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक दगावले. होड्यांची तपासणी कडक हवीच. पण होडीत बसणाऱ्या माणसाची तपासणी किनाऱ्यावर, ओले कपडे हातात घेऊन, पाच मिनिटांत होणार नाही.

दम्याखेरीज फिट येणारे, हृदयविकाराचे रुग्ण, कानाचे ऑपरेशन झालेले किंवा पडद्याला छिद्र असलेले यांनी आधी विचारल्याशिवाय जाऊ नये. गरोदर स्त्रियांनी तर जाऊच नये. पन्नाशीकडे झुकलेल्या, रक्तदाब असलेल्या आणि सिगारेट ओढणाऱ्या मंडळींनी हृदय तपासून घ्यावे. लाटांत पाय मारण्याचे श्रम दिसतात त्याहून जास्त असतात.

सर्दी मात्र सगळे क्षुल्लक समजतात. खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकले की कानातला दाब सारखा होतो. सर्दीने नळी बंद असेल तर तो होत नाही आणि पहिल्या दोन-तीन मीटरांतच कान ठणकू लागतो. अशा वेळी जोर करू नये, खूण करून वर यावे. पडदा फाटून गार पाणी आत गेले तर भोवळ येते आणि वर कुठे, खाली कुठे तेच कळेनासे होते. सर्दीची गोळी घेऊन उतरणे हा उपाय नव्हे, कारण गोळीचा असर पाण्याखालीच ओसरू शकतो.

रेल्वेने रोह्याला परतणाऱ्यांना घाट लागत नाही. विमानाने जाणाऱ्यांनी मात्र एका बुडीनंतर निदान 12 तास आणि अनेक बुड्या मारल्या असतील तर 18 तास थांबावे.

खडकावरून पाण्यात उतरणाऱ्यांनी अनवाणी जाऊ नये. कालवांची धार काय असते ते रेवदंडा-कोर्लईकडच्या बायकांना विचारा! कापले तर गोड्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवावे. मधुमेही किंवा यकृताचा विकार असलेल्यांची जखम लाल होऊन सुजू लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि बुडी मारून आल्यावर कान दुखत असेल तर त्यात तेल घालू नये.