बदल चांगला, पण कोणासाठी?

संगणकाला काम सांगण्याची एक जुनी रीत म्हणजे आज्ञा टंकणे. अशा आज्ञांपैकी ‘एलएस’ ही १९७१ पासून, म्हणजे बेल प्रयोगशाळेतील युनिक्स प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीपासून चालत आली आहे. तिचे काम साधे आहे : फाइलींची नावे दाखवणे.

ग्नू प्रकल्पाच्या ‘कोअरयुटिल्स’ या आज्ञासंचाची ८.२५ ही आवृत्ती २०१६ साली आली. तिच्यात मोकळी जागा असलेले नाव अवतरणचिन्हांत दिसू लागले. एवढ्याशा बदलावरून पुष्कळ जुने वापरकर्ते रागावले!

या बदलाची गरज काय होती? समजा, एका फाइलीचे नाव ‘सहल यादी’ आहे. पडद्यावर ती एक फाइल की दोन, हे चटकन कळत नाही. ती पुसण्यासाठी ‘आरएम सहल यादी’ असे टंकले, तर संगणक ती दोन नावे समजतो. ‘सहल’ आणि ‘यादी’ अशा वेगळ्या फाइली तेथे असतील, तर त्याच पुसल्या जातात. नको असलेली मात्र तशीच राहते. ‘आरएम’ने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, हेही लक्षात ठेवा.

विरोधकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. चिन्हे नावाचाच भाग आहेत, असा नवख्याचा समज होऊ शकतो. शिवाय इतक्या वर्षांची सवय विनाकारण का मोडावी?

तरीही माझ्या मते हा बदल योग्यच होता. त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. आपली नावे पडद्यावर जाणार आहेत की दुसऱ्या आज्ञावलीकडे, हे ‘एलएस’ आधी तपासते. पडदा असेल तरच चिन्हे लावते. त्यामुळे तिच्याकडून नावे घेणाऱ्या जुन्या आज्ञावली पूर्वीप्रमाणेच चालत राहतात. जुने रूप हवे असेल, तर तसा पर्यायही आहे.

विद्यार्थी मित्रहो, कोणी बदल सुचवला की ‘नवे चांगले आहे का?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘जुन्यावर कोण विसंबून आहे?’ हेही विचारा. शिक्षकांनीही वर्गातील आज्ञावली तपासताना उत्तराबरोबर या प्रश्नालाही गुण द्यावेत. चांगला परीक्षक नव्याला अडवत नाही. जुन्याला इजा न होता ते आत कसे येईल, एवढे पाहतो.