बांधावरून भांडतो, बांधासाठी नाही

तहसील कचेरीत जरा वेळ थांबा, बांधाचं एक तरी प्रकरण कानावर येतंच. कुणी दोन फूट कोरला, कुणी चार फूट, मोजणी कुठली खरी, खुणा कुणी काढल्या. सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. लग्नाच्या पत्रिका जात नाहीत. वीसेक वर्षं या भागात बातमीदारी करतोय, बांधावरच्या हाणामाऱ्यांच्या किती बातम्या लिहिल्या त्याचा हिशोब नाही. पण एवढ्या सगळ्या भांडणांत एकानंही कधी असं म्हटलेलं ऐकलं नाही की, "अरे, बांध कोरला तर माती वाहून जाईल." सगळ्यांचं म्हणणं एकच, माझी जागा गेली.

मुळात बांध हद्दीसाठी नंतर झाला. आधी तो मातीसाठी होता. आपल्याकडचे जुने लोक उतारावरच्या शेताला खालच्या अंगाला दगडमातीची ताल घालायचे. वरून येणारं पाणी तालीला अडायचं, गाळ तिथं बसायचा, चार-सहा पावसाळ्यांत तालीच्या वरच्या अंगाला चांगली माती साठायची. त्या पट्ट्यात ज्वारी बाकीच्या रानापेक्षा हातभर उंच यायची. ज्यानं ताल घातली त्याला पाणलोट हा शब्द माहीत नव्हता. पण पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हे त्याला पाठ होतं.

आता ट्रॅक्टर आला. दोष ट्रॅक्टरचा नाही, वळण घेताना फाळ बांधाला लागतोच. पण दरवर्षी एक तास जास्तीचा मारायची सवय लागली. इकडून अर्धा फूट, तिकडून अर्धा फूट. शिरवळ, खंडाळा, लोणंद भागात कुठंही फिरा, एकेकाळी ज्यावरून बैलगाडी जाईल असे बांध आता माणूस तोल सावरत चालेल एवढे राहिलेत. बांधावरची बाभळ गेली, लिंब गेला, कारण त्याच्या सावलीत पीक येत नाही. गवत तणनाशकानं जाळलं, कारण ते रानात घुसतं. उरला नुसता उघडा मातीचा वरंबा. पहिल्या वळवाला त्याला भगदाड पडतं आणि सगळ्या शेताचं पाणी त्या एका भगदाडातून पळतं. दोन वर्षांत तिथं ओघळ, पाच वर्षांत घळ.

किती माती जाते? देशपातळीवरचा एक अंदाज १९८३ मध्ये ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी मांडला, तो आजही सगळीकडे सांगितला जातो. हेक्टरी सरासरी १६.३५ टन माती दरवर्षी जागा सोडते. आपल्या भाषेत एकरी साडेसहा टन, म्हणजे ट्रॅक्टरच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या. तुमच्या एकरातून कुणी दरवर्षी दोन ट्रॉल्या माती भरून नेली, तर तुम्ही काठ्या घेऊन जाल. पाऊस नेतो म्हणून आपण गप्प. थर म्हणून बघितलं तर वर्षाला साधारण सव्वा मिलिमीटर. डोळ्याला काही दिसत नाही. पण वीस वर्षांत एक इंच होतो, आणि एक इंच माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात. त्यातही आधी जाते ती वरची, बारीक, कसदार माती. खताचं पोतं ज्या मातीला धरून बसायचं तीच नीरेत. म्हणून मग दरवर्षी एक पोतं जास्त टाका आणि उतारा तेवढाच घ्या.

ही देशाची सरासरी आहे. आपल्याकडं उतारावरच्या मुरमाड रानात नांगरट उताराच्या दिशेनं करतात, तिथं काय होत असेल ते तुम्हीच बघा. रब्बीच्या ज्वारीचं रान तर आपण पावसाळाभर नांगरून मोकळं ठेवतो. वर पीक नाही, पाचट नाही, काही नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या जोराच्या सरी थेट उघड्या ढेकळावर. थेंबानं माती फुटते, चिखल होतो, वरची भोकं बुजतात, पाणी मुरायचं थांबतं आणि पळायला लागतं.

पावसाळ्यात सारोळ्याच्या पुलावर उभं राहून नीरेचं पाणी बघा. तांबूस, गढूळ. लोक मोबाईलवर व्हिडिओ काढतात, "नीरामाई दुथडी भरून". त्या पाण्यात भोर, पुरंदर आणि खंडाळ्याचं रान वाहत असतं. त्यातलं काही वीर धरणात बसतं. उरलेलं नरसिंहपूरला भीमेत जातं आणि पुढं पंढरपूरला. माउलींची पालखी लोणंदवरून जाते, आपली माती मात्र कुठल्याही पालखीशिवाय दरवर्षी वारी करते. फरक एवढाच की वारकरी परत येतो.

आता सरकारकडे वळू, कारण सगळं शेतकऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही.

माती वाचवायचं काम आपल्याकडं काही कालपरवा सुरू झालेलं नाही. सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला सुरुवात झाली. मुंबई इलाख्यात १९४२ ला जमीन सुधारणा योजना कायदा झाला, आणि त्याच्या आधारानं पुढची तीसेक वर्षं दुष्काळी पट्ट्यात लाखो एकरांवर बांधबंदिस्ती झाली. योगायोग बघा, १९३३ लाच अमेरिकेत जमिनीची धूप थांबवण्यासाठी सरकारी खातं उभं राहिलं. तिकडं मधल्या मैदानी राज्यांत गव्हाच्या भावापायी शेकडो वर्षांचं गवत नांगरून टाकलं होतं. दुष्काळ पडला आणि वाऱ्यानं रानंच्या रानं उडाली. १४ एप्रिल १९३५ ला भर दिवसा अंधार झाला, त्या दिवसाला ते अजून 'काळा रविवार' म्हणतात. ह्यू बेनेट नावाचा माणूस वर्षानुवर्षं ओरडत होता की माती चाललीय. धुळीचे ढग थेट राजधानी वॉशिंग्टनवर आले तेव्हा खासदारांना पटलं. त्याच महिन्यात, २७ एप्रिलला मृदसंधारणाचा कायदा झाला.

त्यांनी पुढं जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी नुसतं खातं काढलं नाही, तर शेतकऱ्यांचीच मृदसंधारण मंडळं बनवली. आडवी नांगरट, पट्टा पद्धतीनं पीक, वारा अडवायला झाडांच्या रांगा, कुठं काय करायचं ते शेतकरी आणि सरकारचा तंत्रज्ञ एकत्र बसून ठरवायचे. पन्नाशीच्या दशकात पुन्हा मोठा दुष्काळ पडला, पण तीसच्या दशकासारखा हाहाकार माजला नाही. (आणि माणसाची जात सगळीकडं सारखीच. सत्तरच्या दशकात धान्याला भाव आला तेव्हा त्याच झाडांच्या रांगा कित्येकांनी तोडल्या, चार ओळी जास्त पेरायला. म्हणजे बांध कोरायचा रोग फक्त आपल्याकडंच आहे असं नाही.)

आपल्याकडं चूक कुठं झाली? बांध समपातळीत घातले, शास्त्रानं तेच बरोबर. पण समपातळीची रेषा सातबारा बघून जात नाही. ती एकाच्या रानाच्या मधून गेली, दुसऱ्याचा कोपरा तोडून गेली. तुकडे आधीच लहान, त्यात बांधानं त्रिकोण पाडले, औत फिरवायला जागा नाही. शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यात भारी काळ्या रानात बांधाच्या वरच्या अंगाला पाणी साचून पीक पिवळं पडायचं, कोरड्यात जमीन भेगाळली की बांधही फाटायचा. पुढं तिथं ढाळीचे बांध आणि सांडवे आले, पण तोवर लोकांच्या मनात बसलं होतं की हे 'सरकारचे बांध'. सरकारचे बांध सरकार बघेल. सरकारनं बघितले नाहीत, लोकांनी नांगरून टाकले. विषय संपला.

१९७२ च्या दुष्काळात पुन्हा बांध घातले, ते पोटासाठी. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आपल्या घरातल्या आज्यांना विचारा, पाटी-फावडं आणि सुकडी सगळं आठवतंय त्यांना. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, पहिला प्रयोग आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात विसापूरला, नंतर १९७७ चा कायदा. त्या हमीतून किती ताली, नालाबांध, पाझर तलाव उभे राहिले! आणि त्याच दुष्काळात नीरेपलीकडं पुरंदरच्या नायगावला (आपल्या सावित्रीबाईंचं नायगाव वेगळं, ते आपल्या तालुक्यात) विलासराव साळुंखे नावाच्या पुण्याच्या इंजिनिअर-उद्योजकानं देवस्थानची चाळीस एकर ओसाड जमीन भाडेपट्ट्यानं घेतली. वर टेकडीला बांध घातले, खाली पाझर तलाव केला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. लोक पाणी पंचायत म्हटलं की पाणीवाटप आठवतात, माणशी पाणी, ऊस नाही. पण साळुंख्यांनी सुरुवात वरून, मातीपासून केली होती, ते विसरतात.

आणि आता? खात्याचं नाव 'मृद व जलसंधारण'. नावात मृद पुढं, कामात जल पुढं. कारण साधं आहे. ओढ्याचं खोलीकरण केलं की जेसीबी दिसतो, पाणी साठलं की फोटो येतो, जलपूजन होतं, नारळ फुटतो. बांधाला गवत लावलं तर फोटो कशाचा काढणार? जलयुक्त शिवारवर साडेनऊ हजार कोटींच्या वर खर्च झाला आणि भूजल म्हणावं तसं वाढलं नाही, हे 'कॅग'नं २०२० मध्ये लिहून ठेवलंय. माथा ते पायथा हे सूत्र प्रत्येक सरकारी पुस्तिकेत छापलेलं असतं. पण काम पायथ्याला सुरू होतं आणि पायथ्यालाच संपतं. वरची माती मोकळीच असली तर खोल केलेला ओढा दोन-चार पावसाळ्यांत गाळानं भरणारच. मग आहेच पुढची योजना, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'. योजना वाईट नाही, नेणाऱ्याला फायदा होतो. पण जरा विचार करा, आपल्याच रानातली माती फुकट वाहून जाऊ द्यायची आणि मग डिझेल जाळून ती परत आणायची. पुन्हा ज्याची गेली त्यालाच ती मिळते असंही नाही. ज्याच्याकडं ट्रॅक्टर, त्याची माती.

वरून काम केल्यावर काय होतं ते आपल्याच जिल्ह्यात दिसलंय. कोरेगावातलं वेळू २०१६ च्या पहिल्या वॉटर कपला पहिलं आलं, माणमधलं टाकेवाडी २०१८ ला. तिथल्या लोकांनी आधी डोंगराला सलग समतल चर खणले, स्वतः घाम गाळून. पण स्पर्धा संपली, टीव्हीवाले गेले, त्यानंतर चरांतला गाळ कोण काढणार हा प्रश्न प्रत्येक गावाला आहेच.

आपल्या शिरवळ पट्ट्यात आणखी एक गोष्ट झालीय, ती माणमध नाही. एमआयडीसी आली, हायवे रुंदावला, डोंगराच्या पायथ्यापर्यंत प्लॉटिंग पोचलं. मुरूम काढला, डोंगराचा उतार उभा कापला, रस्ते आखले, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते तसंच उघडं. त्याची सगळी माती खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत आणि ओढ्यात. तिथं कुणी साधी दगडाची आडवी ओळ लावत नाही. आणि गावच्या बैठकीत दोष कुणाला? मेंढपाळाला. अहो, त्याच्या मेंढ्या खतासाठी आपणच पैसे देऊन रानात बसवतो.

रोहिण्या लागल्यात, मृग दारात आहे. या पंधरवड्यात करता येईल असं सांगतो. भगदाडं आत्ताच बुजवा, दगड असेल तर दगडाचा सांडवा काढा, म्हणजे पाणी बांध फोडून न जाता ठरल्या जागेनं जाईल. बांधावर मारवेल लावा, जनावराला चारा होतो आणि मुळं माती धरतात. तणनाशक मारताना बांध तेवढा सोडा. नांगरट, पेरणी आडवी करा. ट्रॅक्टरवाला म्हणेल वळणं जास्त येतात, डिझेल जास्त जातं. द्या त्याला चार पैसे जास्त.

आणि ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा. रोजगार हमीच्या कामांच्या आराखड्यात आपल्या गावच्या बांधदुरुस्तीची आणि डोंगरावरच्या चरांची किती कामं आहेत? आणि प्लॉटिंगला ना हरकत देताना खालच्या रानात माती येणार नाही याची काही अट घातली का? उत्तर लेखी मागा. ग्रामसेवक "बघू" म्हणाले तर पुढच्या सभेत परत विचारा. ज्यांच्या गावात उत्तर मिळेल त्यांनी मला कळवा, मिळणार नाही त्यांनीही कळवा. गावांच्या नावानिशी दोन्ही छापतो.